डोंगरवाट आणि शेतकाम यांसाठी लहान उपयुक्त वाहन : मूल्यमापनाची एक पद्धती

१. प्रश्नाचे स्वरूप

स्वारगेट हे पुणे शहराचे दक्षिणेकडील द्वार होय. सातारा रस्ता येथूनच कात्रजच्या घाटाकडे निघतो. जवळच्या दांडेकर पुलापासून सिंहगड रस्ता खडकवासला व पानशेतकडे जातो. आणि शंकरशेट रस्त्याने गेल्यास सोलापूरची वाट लागते. एस. टी. स्थानक, शहर-बसचे आगार आणि २०२४ मध्ये सुरू झालेले भुयारी मेट्रो-स्थानक यांमुळे हा चौक माणसांच्या वाहतुकीचा नाका म्हणून सर्वांना परिचित आहे. परंतु हाकेच्या अंतरावर गुलटेकडीचा मार्केट यार्ड असल्यामुळे तो मालाच्या वाहतुकीचाही नाका आहे, ही गोष्ट आपल्या ध्यानात सहसा राहत नाही. वेल्हे, भोर, पुरंदर, हवेली या भागांतील भाजीपाला, फळे व फुले पहाटेच्या अंधारात येथे येऊन पोहोचतात.

या मालाचा प्रवास दोन अगदी भिन्न प्रकारच्या मार्गांवरून होतो. शेताच्या बांधापासून गावापर्यंतचा मार्ग पाणंदीचा, ओढ्याचा आणि चढउताराचा असतो. गावापासून स्वारगेटपर्यंतचा मार्ग डांबरी आणि गर्दीचा असतो. पहिला बहुधा दोन-तीन किलोमीटरांचा आणि दुसरा चाळीस-पन्नास किलोमीटरांचा. एकच लहान वाहन या दोन्ही मार्गांवर उपयोगी पडेल काय, आणि पडत असेल तर ते कोणत्या कसोट्यांवर निवडावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीक्षेत्र १.३४ हेक्टर आहे. एवढ्या जमिनीच्या धन्याने चार-पाच लाखांचे वाहन कर्जाने घेतले, तर तो त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या आर्थिक निर्णयांपैकी एक ठरतो. आणि वाहन उतारावर उलटले, तर प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही. म्हणून विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर विसंबून न राहता स्वतंत्र विचाराची पद्धती आखणे हे आपले कर्तव्य ठरते.

२. पूर्वपीठिका

लहान उपयुक्त वाहनाची कल्पना आपल्याकडे नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बनविलेली जीप १९४५ मध्ये नागरी स्वरूपात अमेरिकेत विक्रीस आली, तेव्हा ती शेतकऱ्याचे वाहन म्हणूनच पुढे करण्यात आली होती. इंजिनाची शक्ती बाहेरच्या यंत्रास देणारा दंड, म्हणजे आज सर्वत्र ‘पी. टी. ओ.’ या नावाने ओळखली जाणारी सोय, तीवर बसवून घेता येत असे. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये विलीज जीपचे सुटे भाग आणून त्यांच्या जुळणीस आरंभ केला, आणि पुढे मुंबईत माझगाव येथे ही जुळणी होऊ लागली. चारही चाकांना गती, आखूड बांधणी आणि खालचे गियर या गुणांमुळे जीप डोंगरी मुलखात रुळली. परंतु ती शेतकऱ्यापेक्षा सरकारी खात्यांच्या अधिक वाट्यास आली.

दुसरा टप्पा पुण्याशी निगडित आहे. हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याच्या सहकार्याने १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली, आणि १९६० नंतरच्या दशकात तिचे काम आकुर्डीस आले. तिच्या तीनचाकी गाडीचे नाव मराठीत इतके मुरले, की आज कोणत्याही कंपनीच्या लहान मालवाहू गाडीस आपण ‘टेम्पो’ म्हणतो. व्यापारी नाव सामान्यनाम बनणे, हे एखादी वस्तू समाजाच्या गरजेस नेमकी लागू पडल्याचे लक्षण होय.

तिसरा टप्पा २००५ मधील टाटा एस गाडीचा. दोन सिलिंडरांचे, ७०२ घनसेंटिमीटरचे, सुमारे १६ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आणि पाऊण टन माल अशा मर्यादित आकाराची ही चारचाकी आरंभी पिंपरीस तयार होत असे. लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ हे नाव दिले. चौथा प्रयत्न अधिक धाडसी होता. आयशर आणि अमेरिकेतील पोलारिस या कंपन्यांच्या संयुक्त उपक्रमाने २०१५ मध्ये ‘मल्टिक्स’ ही गाडी बाजारात आणली. माणसे नेणे, माल नेणे आणि वीज निर्माण करून पंप वा दिवे चालविणे अशी तीन कामे तिच्याकडून अपेक्षित होती. २०१८ मध्ये हा उपक्रम बंद झाला. मूल्यमापनकर्त्याने यातून एवढे ध्यानी घ्यावे, की शेतकरी वाहनाचा हिशेब दहा वर्षांचा करतो, परंतु निर्मात्याचे त्या नमुन्याशी असलेले नाते दहा वर्षे टिकेलच अशी हमी नसते.

परदेशात याच गरजेतून निराळीच जात निर्माण झाली. कावासाकीची ‘म्यूल’ १९८८ मध्ये आली, आणि पुढे जॉन डिअर, पोलारिस, यामाहा आदींनी त्या प्रकारची वाहने काढली : शेजारी शेजारी दोन आसने, मागे लहान हौदा, रुंद व कमी हवेचे टायर, आणि डोक्यावर नळ्यांचा संरक्षक सांगाडा. ही वाहने मुख्यतः रस्त्याबाहेरील वापरासाठी असतात. आपल्याकडे त्यांचा विचार करताना हा भेद मूलभूत ठरतो, हे पुढे दिसून येईल.

३. प्रथम काम, नंतर वाहन

मूल्यमापनात नेहमी घडणारा दोष हा, की दोन वाहने शेजारी ठेवून त्यांच्या अश्वशक्तीची, वेगाची व किमतीची तुलना केली जाते. वस्तुतः वाहन हे साधन आहे; म्हणून आरंभ कामाच्या यादीपासून व्हावयास हवा. वेल्हे-भोर भागातील एखाद्या कुटुंबाच्या वर्षाचा विचार केला, तर कामे साधारणतः पुढीलप्रमाणे पडतात : शेणखत व बियाणे शेतावर नेणे, दोनशे लिटरच्या पिंपातून पाणी वा फवारणीचे औषध नेणे, वैरण व सरपण आणणे, भाताचे भारे खळ्यावर आणणे, भाजीपाला बाजारास नेणे, आणि प्रसंगी आजारी माणसास डांबरी रस्त्यापर्यंत पोहोचविणे. डोंगरावरील वस्त्यांतून आजही रुग्णाला झोळीत घालून खाली आणावे लागते. म्हणून हौद्याची लांबी पावणेदोन मीटरांहून कमी असू नये आणि फाळका पूर्ण खाली पडावा, ही कसोटी माहितीपत्रकात कोठेही नसली तरी आपल्या यादीत असलीच पाहिजे.

या यादीत नांगरणी नाही, आणि ते सहेतुक आहे. वीस सेंटिमीटर रुंद व पंधरा सेंटिमीटर खोल तास काढावयाचा, तर मातीचा रोध दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो धरला तरी दीडशे किलोंची सलग ओढ लागते. भारी काळ्या जमिनीत ती याहून पुष्कळ वाढते. बैल आपल्या वजनाच्या सुमारे एक दशांश एवढी ओढ दीर्घकाळ देऊ शकतो. म्हणजे चारशे किलोंच्या बैलांची जोडी ऐंशी किलो. लहान वाहन ही ओढ थोडा वेळ देईलही. परंतु त्याचे क्लच, गियर आणि शीतनाची व्यवस्था तासन्‌तास ताशी तीन किलोमीटर वेगाने चालण्यासाठी योजलेली नसते. नांगरणीसाठी पंधरा अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर वा पॉवर टिलर हेच योग्य साधन होय. जे वाहन सर्व कामे करण्याचे आश्वासन देते, त्याच्याविषयी परीक्षकाने अधिक सावध असावे.

कामानंतर वाट. पाणंदीत बैलगाड्यांनी पाडलेली चाकोरी असते. वाहनाच्या दोन चाकांमधील अंतर तिच्याशी जुळले नाही, तर एक चाक चाकोरीत व दुसरे मधल्या उंचवट्यावर येऊन वाहन सतत कलते राहते. वाटेची रुंदी, सर्वांत तीव्र चढ, सर्वांत अरुंद वळण, ओढ्यातील पाण्याची खोली आणि वाटेवरील सर्वांत उंच दगड या पाच गोष्टी प्रत्यक्ष मोजल्याखेरीज कोणत्याही वाहनाची चर्चा निरर्थक आहे.

४. शक्ती की पकड ?

आता एक साधे गणित करू. भारासह १५०० किलो वजनाचे, मागील चाकांनी चालणारे एक कल्पित वाहन घेऊ. चढ पाचास एक. चढामुळे मागे खेचणारे बल सुमारे २९४ किलो येते. मुरमाच्या सुक्या वाटेवर चाकांना होणारा रोध जमिनीवरील दाबाच्या पाच टक्के धरला, तर तो ७४ किलो होतो. एकूण गरज ३६८ किलो. ताशी आठ किलोमीटर वेगाने हा चढ चढण्यास १०.९ अश्वशक्ती लागते. गियर व आसांत पंधरा टक्के शक्ती वाया जाते असे मानले, तर इंजिनाकडे १२.८ अश्वशक्ती हवी. म्हणजे सोळा अश्वशक्तीचे इंजिन, पहिला गियर पुरेसा खालचा असल्यास, हे काम करू शकते.

पकडीचा हिशेब आता पाहू. मागील चाकांवर एकूण दाबाचा ६५ टक्के हिस्सा आणि मुरमावरील घर्षणांक ०.५ धरला, तर उपलब्ध कर्षण ४७८ किलो येते. गरज ३६८ किलोंचीच असल्याने वाहन चढते.

हीच वाट जुलैमध्ये घेऊ. ओल्या तांबड्या मातीत घर्षणांक ०.३ वर उतरतो आणि चाकांचा रोध दहा टक्क्यांवर जातो, असे मानू. गरज ४४१ किलोंवर गेली. मागील चाकांचे कर्षण मात्र २८७ किलोंवर आले. इंजिनास लागणारी शक्ती अजूनही १५.४ अश्वशक्तीच आहे; म्हणजे इंजिन हे काम करू शकते, पण चाक जागच्या जागी फिरते. चारही चाकांना गती दिली, तर उपलब्ध कर्षणही बरोबर ४४१ किलो होते. म्हणजे वाहन जेमतेम काठावर येते.

हे आकडे स्थूलमानाचे आहेत. तथापि त्यांतून निघणारा निष्कर्ष दृढ आहे. आपल्या डोंगरी पावसात लहान वाहनाची मर्यादा अश्वशक्ती नसून पकड ही असते. दुप्पट शक्तीचे इंजिन घेतल्याने पहिल्या वाहनाची स्थिती यत्किंचितही सुधारत नाही. सुधारते ती टायरांच्या खाचांनी, कमी हवेने, मागील दोन्ही चाके एकत्र जखडणाऱ्या डिफरन्शियलच्या कुलपाने, अथवा चारही चाकांच्या गतीने. शिवाय रिकाम्या वाहनात मागील आसावरील भार फारच कमी असल्याने भरलेली गाडी चढते आणि रिकामी अडकते, असा विपरीत अनुभव चालक सांगतात, त्याचेही कारण यातच आहे.

येथे वाटेचाही विचार कर्तव्य आहे. टायरचा जमिनीवरील दाब स्थूलमानाने त्यातील हवेच्या दाबाएवढा असतो. मालवाहू गाडीचा भरलेला टायर वाट कापतो. रुंद, कमी हवेचा टायर तिच्यावरून सरकतो. पुणे शहरात वर्षास सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर वेल्ह्याच्या डोंगरात दोन हजार मिलिमीटरहून अधिक. अशा ठिकाणी चाकाने पाडलेली खोल रेघ एका पावसाळ्यात ओघळ बनते, आणि वाहनाच्या सोयीसाठी निवडलेली वाट वाहनामुळेच नष्ट होते.

५. उलटण्याचा धोका

वाहनाच्या आडव्या स्थैर्याची पहिली कसोटी अत्यंत सोपी आहे : दोन चाकांमधील अंतरास गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागावे. अंतर १.३ मीटर आणि उंची ०.६५ मीटर असल्यास भागाकार १ येतो; म्हणजे स्थिर वाहन सिद्धांततः ४५ अंशांच्या आडव्या उतारापर्यंत उलटणार नाही. परंतु हौद्यात वैरण रचून वर दोन माणसे बसली आणि गुरुत्वमध्य ०.८५ मीटरवर गेला, की हा कोन ३७ अंशांवर येतो. वरच्या बाजूचे चाक पंधरा सेंटिमीटरच्या दगडावर चढले, तर त्यातून आणखी साडेसहा अंश वजा होतात. स्प्रिंगा व टायर खालच्या अंगास दबतात, तो भाग निराळाच. आणि अर्धवट भरलेल्या पिंपातील पाणी खालच्या बाजूस धावते, हेही विसरता येत नाही.

वेग आला की चित्र अधिक गंभीर होते. ताशी २५ किलोमीटर वेगाने दहा मीटर त्रिज्येचे वळण घेतल्यास केंद्रोत्सारी परिणाम २६ अंशांच्या उताराएवढा होतो. वाट बाहेरच्या बाजूस १५ अंशांनी कललेली असेल, तर बेरीज ४१ अंश, म्हणजे वरील ३७ च्या मर्यादेपलीकडे. वेग १५ किलोमीटर ठेवल्यास ती बेरीज २५ अंशांवर येते आणि वाहन सुरक्षित राहते. सैल मातीवर चाक उलटण्यापूर्वी घसरेल, हे खरे. परंतु घसरणाऱ्या चाकास बांध, दगड अथवा नांगरटीचा तास आडवा आला, की घसरण थांबते आणि उलटणे सुरू होते. शेतातील बहुसंख्य उलटण्यांचे स्वरूप हेच असते.

या विषयाचा इतिहास बोधप्रद आहे. अमेरिकेत तीन चाकांच्या रस्त्याबाहेरील गाड्यांची विक्री १९८८ मध्ये निर्मात्यांनी शासनाशी झालेल्या समझोत्यानुसार थांबविली. यामाहाच्या ‘ऱ्हायनो’ या दोन आसनी वाहनाच्या बाबतीत २००९ मध्ये मागील चाकांमधील अंतर वाढविणारे तुकडे बसविण्याची आणि मागचा डोलविरोधी दंड काढण्याची मोफत दुरुस्ती जाहीर करावी लागली. काही सेंटिमीटरांचे अंतर माणसाच्या जिवाशी किती निगडित असते, याचे हे उदाहरण होय. दुसऱ्या बाजूस, स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांवर संरक्षक सांगाडा सक्तीचा केला, आणि उलटून होणाऱ्या मृत्यूंत पुढील दशकांत मोठी घट झाली. सांगाडा आणि आसनपट्टा या दोन गोष्टी एकमेकींशिवाय अपुऱ्या आहेत. पट्टा नसेल तर चालक सांगाड्याबाहेर फेकला जाऊन त्याच सांगाड्याखाली सापडू शकतो.

६. उतार

चढाची चर्चा सर्वजण करतात. उताराची कोणी करीत नाही. १५०० किलोंचे वाहन सहाशे मीटर उंची उतरते, तेव्हा सुमारे ८८ लाख ज्यूल ऊर्जा कोठे तरी जिरवावी लागते. ही उष्णता २८ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास पुरेशी आहे. तिचा काही भाग चाकांच्या रोधात जातो. उरलेला भाग ब्रेकांनी किंवा इंजिनाने घ्यावयाचा असतो. लहान ड्रमचे ब्रेक तो सतत घेऊ लागले, तर तापून निकामी होतात. खालच्या गियरात इंजिनाकडून मिळणारा रोध हाच खरा उपाय. परदेशी पद्धतीच्या अनेक लहान वाहनांत मात्र पट्ट्याचे स्वयंचलित गियर असतात. त्यांतील काहींत वेग मंदावताच इंजिन व चाके यांचा संबंध सुटतो आणि वाहन मोकळे धावू लागते. म्हणून असे वाहन पाहताना ‘उतारावर इंजिन धरते काय ?’ हा प्रश्न विचारून भागत नाही. भार घालून ते पाहिले पाहिजे.

७. आर्थिक कसोटी

यांत्रिक कसोट्यांतून उतरलेले वाहन परवडेलच असे नाही. उदाहरणादाखल काही गृहीते घेऊ. किंमत पाच लाख रुपये, आयुष्य दहा वर्षे, शेवटी येणारी किंमत एक लाख. वार्षिक घसारा ४०,००० रुपये; सरासरी गुंतलेल्या तीन लाखांवर दहा टक्क्यांनी व्याज ३०,००० रुपये; विमा, कर आदी १५,००० रुपये. एकूण स्थिर खर्च ८५,००० रुपये. स्वतःचे वाहन चालविण्याचा खर्च किलोमीटरला १२ रुपये आणि भाड्याच्या गाडीचा दर ३० रुपये धरला, तर प्रत्येक किलोमीटरमागे १८ रुपये वाचतात. ८५,००० ला १८ ने भागता सुमारे ४,७०० येतात. म्हणजे वर्षास एवढे किलोमीटर वाहन फिरले, तरच ते भाड्याच्या बरोबरीस येते.

आता पन्नास किलोमीटरवरून स्वारगेटपर्यंत माल आणणाऱ्या कुटुंबाचा विचार करू. वर्षास पंधरा टन माल आणि खेपेस सहाशे किलो, म्हणजे पंचवीस खेपा व २,५०० किलोमीटर. गावातील व शेतातील फेऱ्या पाचशे किलोमीटर धरल्या, तरी बेरीज तीन हजार. वाहन परवडत नाही. परंतु शेजारच्या दोन कुटुंबांनी मिळून ते घेतले, तर सहा हजार किलोमीटर होतात आणि तेच वाहन परवडते. गृहीते बदलली की आकडे बदलतील. पद्धती तीच राहील. यातून दिसते ते हे, की लहान वहितीधारकाच्या बाबतीत ‘कोणते वाहन ?’ या प्रश्नाइतकाच ‘किती जणांत वाहन ?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. बैलांच्या बाबतीत सावड ही रीत आपल्या खेड्यांनी फार पूर्वीच शोधून काढली होती; त्याच तत्त्वाचा येथे पुनर्विचार व्हावा.

८. कायदा आणि वाट

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार सार्वजनिक रस्त्यावर येणारे वाहन नोंदविलेले असावे लागते. केवळ रस्त्याबाहेरील वापरासाठी बनविलेले वाहन डांबरी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे ते पाणंदीत कितीही श्रेष्ठ ठरले, तरी बाजारापर्यंतच्या पन्नास किलोमीटरांसाठी त्याचे मूल्य शून्य होय. २०१८ मध्ये ‘क्वाड्रिसायकल’ या हलक्या चारचाकी वर्गास आपल्या नियमांत खाजगी वापरासाठीही स्थान मिळाले. परंतु डोंगरवाटेवरील कामासाठी तो वर्ग योजलेला नाही.

वाटेचा हक्क हा निराळा प्रश्न. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ अन्वये दुसऱ्याच्या जमिनीच्या बांधावरून जाण्याच्या हक्काचा निर्णय तहसीलदार करतो. आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने शेतरस्ते व पाणंद रस्ते यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना जाहीर केली. वाट तीन मीटर रुंद व मुरमाची झाली, तर चारही चाकांच्या गतीची गरजच कित्येकदा उरत नाही. वाहनावर अधिक खर्च करावा की वाटेवर, हा पर्याय मूल्यमापनात मांडलाच पाहिजे. किल्ल्यांच्या व वनखात्याच्या हद्दीतील पायवाटा मात्र या विचाराबाहेर ठेवाव्या. त्या पायांसाठीच आहेत.

९. क्षेत्रपरीक्षणाची रूपरेषा

आपल्याकडे वाहनांच्या प्रमाणीकरणासाठी पुण्यातच १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे, आणि ट्रॅक्टरांची परीक्षा मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत होते. विद्यार्थ्यांनी त्यांची बरोबरी करण्याचे कारण नाही. तथापि अल्प साधनांनी पुढील परीक्षणे करता येतील.

(अ) भारवाटप : मार्केट यार्डाजवळील वजनकाट्यावर पुढचा व मागचा आस रिकाम्या व भरल्या स्थितीत स्वतंत्रपणे तोलावा.

(आ) गुरुत्वमध्याची उंची : पुढची चाके उचलून मागील आसावरील वाढ पाहावी. ८०० किलोंच्या व २.१ मीटर आसांतराच्या वाहनास पाचास एक कल दिला असता वाढ २६ किलो आली, तर गुरुत्वमध्य आसाच्या पातळीहून ०.३४ मीटर वर असतो. त्यात चाकाची त्रिज्या मिळवावी. स्प्रिंगा आधी जखडून घ्याव्या. मात्र काट्याची चूक दहा किलोंची असेल, तर उत्तरात तेरा सेंटिमीटरांची चूक पडते. ट्रकांचा काटा यासाठी निरुपयोगी ठरतो; सूक्ष्म काटा किंवा अधिक कल योजावा.

(इ) घसर : चाकावर खडूची खूण करून दहा फेऱ्यांत कापलेले अंतर, भार तोच ठेवून, आधी कठीण सपाट जमिनीवर, मग चढाच्या वाटेवर मोजावे; अंतरातील शेकडा घट म्हणजे घसर.

(ई) मार्ग : स्वारगेट, कात्रज, खेड-शिवापूर, नसरापूर व वेल्हे असा डांबरी मार्ग आणि पुढे निवडलेली एक पाणंद. फेरी तीन वेळा करावी : भातलावणीच्या चिखलात, कापणीनंतर आणि वैशाखातील कठीण जमिनीवर. एकाच ऋतूतील परीक्षणास प्रमाण मानू नये.

(उ) दुरुस्ती : ब्रेक, क्लच, पट्टा, टायर हे चार भाग तालुक्याच्या ठिकाणी मिळतात काय, आणि न मिळाल्यास वाहन किती दिवस उभे राहील, याची नोंद घ्यावी. कापणीच्या आठवड्यात उभे राहिलेले वाहन वर्षभराची बचत घालवू शकते.

१०. समारोप

या सर्व कसोट्यांना गुण देऊन त्यांची बेरीज करण्याचा मोह होतो, तो टाळावा. बेरजेत एका ठिकाणचे शून्य दुसऱ्या ठिकाणच्या गुणांनी झाकले जाते. शेतीच्या विद्यार्थ्यांस लिबिगचा न्यूनतमतेचा सिद्धांत परिचित आहे : पिकाची वाढ सर्वांत कमी पडणाऱ्या अन्नद्रव्यावर ठरते. वाहनाचेही तसेच आहे. पकड उत्तम पण नोंदणी नाही, भार पुष्कळ पण उतारावर ब्रेक नाही, किंमत अल्प पण सुटे भाग नाहीत, अशा वाहनाची खरी योग्यता त्याच्या सर्वांत दुबळ्या अंगाएवढीच असते.

त्यावरून पुण्याच्या दक्षिणेकडील भागापुरता तात्पुरता निर्णय असा देता येईल. ज्याची पाणंद मुरमाची आहे आणि ज्याचा माल नियमितपणे गुलटेकडीस येतो, त्याला नोंदणीकृत, मागील चाकांनी चालणारी लहान मालगाडी पुरेशी आहे. खर्च करावयाचा तो चांगल्या टायरांवर, आणि शक्य तर शेजाऱ्यासह भागीदारीत. ज्याची वाट पावसाळ्यात चिखलाची व तीव्र चढाची आहे, त्याने आधी वाटेच्या सुधारणेचा हिशेब करावा. ती अशक्य असेल तरच चारही चाकांच्या गतीच्या वाहनाकडे वळावे. आणि ज्याच्या कामात मशागतच मुख्य आहे, त्याने छोटा ट्रॅक्टर घेऊन बाजाराची खेप भाड्याने करावी. पुढील भातलावणीच्या हंगामात वरील रूपरेषेनुसार एखादी पाणंद मोजून तिचे आकडे सिद्ध झाले, तर या तात्पुरत्या निर्णयास प्रत्यक्ष आधार मिळेल.